दहावा माणूस

गेले काही दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. एखादी गोष्ट करणारा माणूस एकटाच उरला असेल, तर त्याने ती करत राहण्याला काही अर्थ असतो का? चारचौघं असली की सण होतो, उत्सव होतो. एकटा माणूस तेच करायला लागला की लोक त्याला हट्टी म्हणतात, नाहीतर चक्रम. मग त्याचं ते करणं मोजायचं कशात?

या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर भलत्याच ठिकाणी सापडलं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, यांच्या सणांमध्ये! (इस्रायल शब्द आला की आज डोळ्यांसमोर युद्ध येतं. पण हे लिखाण त्या राजकारणाबद्दल नाही. हे आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल आहे.)

भलतं ठिकाण म्हटलं खरं, पण ते काही फार लांब नाही. आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावरून मुंबईच्या दिशेने निघालं, चिपळूण, महाड मागे टाकलं आणि वडखळला डावीकडे वळलं की अलिबागचा रस्ता लागतो. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं आणि त्यातून फक्त सात पुरुष आणि सात बायका जिवंत राहिल्या. बाकीच्यांना नवगावला पुरलं. तिथे आज त्यांचं स्मारक उभं आहे. हे नेमकं कधी घडलं यावर मतं वेगवेगळी आहेत, पण ही चौदा माणसं ज्या गोष्टीच्या सुरुवातीला आहेत, ती गोष्ट पुढे फार विलक्षण आहे.

पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे भाषाही गेली, कारण बोलायला मराठीच होती. शिकवणारा धर्मगुरू कुणी नव्हता. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे घातले, शेती केली. गावावरून आडनावं आली... पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर. लुगडी, भात, नारळ, मासळी, सगळं आपल्यासारखंच. फरक एवढाच की शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे.

या नावात मला फार मोठी गोष्ट दिसते. हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातून एक दिवस धंदा बंद ठेवायचा म्हणजे काय, ते ज्याने टपरी चालवलीय त्याला विचारा. आणि हे एक-दोन वर्षं नव्हे, पिढ्यान् पिढ्या. बरं, का बंद ठेवायचा याचं शास्त्र सांगणारा ग्रंथ घरात नाही. आजोबांनी ठेवला, बापाने ठेवला, म्हणून आपण ठेवायचा.

त्यांच्याकडे उरलं होतं ते थोडंच. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, देव एकच आहे असं सांगणारी 'शमा' ही प्रार्थना (जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी हीच म्हणायची, कारण दुसरी येतच नव्हती), आणि सण. गंमत म्हणजे सणांची हिब्रू नावंसुद्धा विसरली होती. मग त्यांनी मराठी नावं दिली. वर्ष सुरू होतं तो 'नव्याचा सण'. नव्या धान्याची खीर करायची तो 'खिरीचा सण'. दारं लावून उपास करायचा तो 'दरफाळणीचा सण'. पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो सरळ 'होळीचा सण'! उपासाच्या एका दिवशी वालाचं बिरडं करत, म्हणून 'बिरड्याचा रोजा'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा हा दिवस. मंदिर कधी बघितलं नाही, त्याची गोष्टही पुसट झाली, पण बिरडं राहिलं.

आता यावर एखादा म्हणेल की कारण माहीत नसताना पाळलेला सण म्हणजे नुसतं कर्मकांड. मी हा आक्षेप उडवून लावणार नाही. आपल्याकडेही असं बरंच काही चालतं, आणि त्यातलं काही बंद झालं ते बरंच झालं. ज्या रूढीने कुणाला तरी त्रास होतो, ती 'पूर्वापार' आहे एवढ्यासाठी टिकवायची गरज नाही. पण कारण विसरूनही कुणी एखादी निरुपद्रवी, अवघड गोष्ट धरून ठेवतो, तेव्हा तो नुसती सवय चालवत नसतो. 'मला आज याचा अर्थ कळत नाही, पण माझ्यामागून येणाऱ्याला कदाचित कळेल' असा भरवसा त्यात असतो. मला तर यालाच श्रद्धा म्हणावंसं वाटतं. श्रद्धा म्हणजे सगळं कळणं, अशी आपली उगाच समजूत असते.

आणि तो येणारा खरंच आला. परंपरेनुसार दावीद राहबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याच्या काळाबद्दल जाणकारांत एकमत नाही. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे बघायला त्याने बायकांना रांधायला मासळी दिली. त्यात खवले-पर असलेली होती, आणि नसलेलीही. बायकांनी खवले-पर नसलेली बाजूला काढली, म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. ज्यू धर्मग्रंथातला नियम तोच आहे. राहबीची खात्री पटली आणि मग त्याने त्यांना शिकवायला सुरुवात केली.

ही कथा सांगताना लोक राहबीबद्दल बोलतात. माझं लक्ष मात्र त्या बायकांकडे जातं. ग्रंथ हरवले, पंडित नव्हते, आणि एका अख्ख्या समाजाची ओळख शाबूत राहिली ती मासळी निवडणाऱ्या हातांत! त्यातल्या एकीचंही नाव कुठे नोंदलेलं नाही. आपण रोज करतो त्या कामाला एवढं वजन आहे, हे त्यांनाही ठाऊक नसणार.

ज्यू सणांची शिकवण वाचत गेलं की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. पुरीमच्या आधीच्या दिवसांत त्यांच्याकडे अर्ध्या शेकेलचा उतारा वाचतात. मोशेच्या काळात लोकांची गणती करायची होती, तेव्हा माणसं मोजली नाहीत, प्रत्येकाकडून अर्धा शेकेल नाणं घेतलं. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. म्हणजे मोजताना तालेवार आणि मजूर दोघांची किंमत तेवढीच. आणि नाणं अर्धंच का? याचं एक स्पष्टीकरण मला फार आवडतं. कुणीही एकटा पुरा नसतो, त्याला दुसरा अर्धा लागतोच.

दुसरी गोष्ट मिन्यानची. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसं हवीत असा त्यांचा नियम आहे. नऊ महापंडित जमले तरी ती प्रार्थना होत नाही, आणि दहा साधे, अडाणी लोक जमले तर होते. म्हणजे नऊ पंडित बसलेत आणि दारात दहावा म्हणून कुणी तेली आला, तर त्याच्या येण्याने सगळं सुरू होतं. त्याला फार काही येत नसलं तरी चालतं. त्याने यायचं तेवढं असतं. माणसाच्या किमतीबद्दल इतकं साधं आणि इतकं थेट काही मी क्वचितच वाचलंय. पारंपरिक पद्धतीत या दहांत बायकांना धरत नाहीत, हे मात्र मला खटकतं. ज्यांनी मासळी निवडून समाज राखला त्यांनाच मोजायचं नाही, हे काही पटत नाही. जगात काही ज्यू पंथ आता बायकांनाही धरतात, ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट वल्हांडणाच्या सणाची. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा हा सण. कोकणात त्याला 'अनशी धाकाचा सण' म्हणत, कारण आंबट पाण्याचं भांडं त्या दिवशी झाकून ठेवायचे. पुढे शिक्षण आलं, छापखाने आले आणि या सणाला घरी वाचायची हगादा मराठीत आली, १८४६ साली मुंबईत. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगादेत तर चित्रंही आहेत, आणि त्यात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत! या पोथीत चार मुलगे आहेत. एक शहाणा, एक उद्धट, एक साधा आणि एक असा की ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. बापाने चौघांनाही सुटकेची गोष्ट सांगायची, पण प्रत्येकाला वेगळी, त्याला झेपेल अशी. आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी बापाने स्वतःहून सुरुवात करायची. आपल्या शाळांमध्ये मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा आठवून बघा. त्याच्यासाठी स्वतःहून सुरुवात कोण करतं? इथे तर हजारो वर्षांच्या सणात त्याची जागा राखून ठेवली आहे.

हे झालं किमतीबद्दल. झगड्याचं काय?

'इस्राएल' हे नावच मुळी झगड्यातून आलेलं आहे. याकोब रात्री नदीकाठी एकटाच असतो आणि कुणीतरी त्याच्याशी झोंबी घेतं. माणूस, देवदूत की प्रत्यक्ष देव, ते स्पष्ट होत नाही. उजाडेपर्यंत झोंबी चालते. याकोबाचा खुबा निखळतो, पण तो सोडत नाही, आशीर्वाद दे म्हणतो. आशीर्वाद म्हणून त्याला नवं नाव मिळतं, इस्राएल, देवाशी झगडलेला. म्हणजे 'बेने इस्राएल' या शब्दांचा अर्थ झगडणाऱ्याची लेकरं. देवापुढे नुसती मान तुकवणाऱ्याची नव्हेत. शंका घेणारा, भांडणारा, तरीही सोडून न जाणारा भक्त इथे मूळपुरुष आहे. आपल्याला हे अनोळखी वाटू नये. विठोबाशी कडाकडा भांडणारे संत आपल्याकडे आहेतच की.

पण एक गोष्ट विसरू नये. याकोब दुसऱ्या दिवशी लंगडत चालतो. झगड्याने माणूस मोठा होतो वगैरे आपण सहज बोलतो, विशेषतः झगडा दुसऱ्याचा असला की. कर्जात बुडालेल्या आंबा बागायतदाराला किंवा घरात आजारपण असलेल्या बाईला 'देव परीक्षा बघतो' म्हणणं मला क्रूर वाटतं. दुःखात आपोआप काही पुण्य नसतं. ज्यू कथा निदान ते लंगडणं लपवत नाही. नाव मिळालं, पण पायही गेला, असं दोन्ही सांगते.

सगळ्यात कठीण दिवस दरफाळणीचा, म्हणजे योम किप्पूर. पूर्ण उपास, पांढरे कपडे, आणि आपल्या वर्षाचा हिशेब आपणच मांडायचा. त्यात एक अट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देवाचा केलेला अपराध देव माफ करतो, पण शेजाऱ्याचा केलेला अपराध तो माफ करत नाही. त्यासाठी शेजाऱ्याकडेच जावं लागतं. म्हणजे समोरचा साधा माणूस एवढा मोलाचा की त्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार देवसुद्धा स्वतःकडे घेत नाही!

या दिवशीची शेवटची प्रार्थना 'नेइला', म्हणजे दारं बंद होण्याची वेळ. दाराची ही कल्पना आणखी एका जागी भेटते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले बेने इस्राएल अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. सुटून आल्यावर कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं ते पहिलं. त्याचं नाव 'शाआर हाराहमीम', दयेचं द्वार. मस्जिद बंदर भागात ते आजही आहे. बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, आणि त्या स्टेशनचं नाव यावरूनच पडलं असं सांगतात.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, एकटेपणाच्या.

बेने इस्राएलांचा सगळ्यात लाडका संदेष्टा एलियाह. नवस फेडायला, शुभकार्याला त्याच्या नावाने 'मलिदा' करतात. पोहे, गूळ, खोबरं, फळं... अगदी कोकणी प्रसाद! अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. हा एलियाह एकदा रानात पळून गेलेला असतो, थकलेला, मरण मागणारा. देवाला सांगतो की मीच एकटा उरलोय. मग सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, आग लागते, पण देव त्यांत कशातच नसतो. शेवटी अगदी बारीक आवाज येतो, त्यात असतो. आणि देव त्याला सांगतो की तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच. ज्या समाजाला शेकडो वर्षं आपल्यासारखं दुसरं कुणी दिसलंच नाही, त्याला हाच संदेष्टा जवळचा वाटावा यात नवल नाही.

पुढे 'दुसरे' दिसले, तेव्हा त्यांनीच शंका घेतली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने लग्नांच्या बाबतीत त्यांच्या कुळाची चौकशी करण्याच्या सूचना १९६२ साली काढल्या. ज्यांनी पोथीशिवाय शनिवार पाळला, त्यांनी आता पणजीचे पुरावे द्यायचे! त्यांनी निदर्शनं केली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्याच ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. पण मला वाटतं, त्यांची किंमत काही त्या ठरावाने ठरली नाही. ठरावाने ती फक्त मान्य केली. धरण्यावर बसलेल्या माणसाला ती आधीच ठाऊक होती, म्हणून तर तो बसला.

हे सगळं मी का लिहितोय? कारण आमच्या घरात एक विषय निघालाय. आमचा गणपती भाऊबंदांचा, मूळ घरातला. वर्षभर त्या घरात मी एकटाच असतो. चाकरमानी येतात, पण दरवर्षी थोडे कमी. कुणाला सुट्टी नाही, कुणाचं मूल दहावीला, आणि महामार्गाची दशा तर विचारूच नका. यंदा विरारच्या दादाने फोनवर सांगितलं, "अरे, तू एकटा किती करणार? गणपती इकडेच आणूया. एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला?"

दादा वाईट माणूस नाही. माझ्या गुडघ्यांची त्याला काळजी आहे. आणि जागा बदलली म्हणून देव रागावतो असंही मी मानत नाही. बेने इस्राएलांनी तर देशच बदलला, आणि तिथे मराठी सोबत नेली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघालं. इथे राहिलेले आता फार थोडे आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. कोकणातल्या सिनेगॉगमध्ये रोज दहा माणसं जमणं अवघडच. सणाला बाहेरून लोक आले की दारं उघडतात. म्हणजे त्यांची आणि आमची गत एकच.

पण दादाच्या त्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. 'एका माणसासाठी कशाला?' तो शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली एकच होता की. मासळी बाजूला काढणारी बाई एकच होती. दहावा माणूस नेहमी एकच असतो. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून काढला आणि तो छापला गेला १९३७ साली, ते हयात नसताना. कोण वाचणार, असं म्हणून त्यांनी लेखणी ठेवली असती, तर वर सांगितलेल्या सणांची निम्मी नावं आज आपल्याला कळली नसती.

म्हणून मी दादाला सांगितलंय की पुढच्या वर्षी काय करायचं ते सगळे बसून ठरवू. बहुमत विरारचं झालं तर मखर मी स्वतः बांधून देईन. पण यंदा गणपती इथेच बसेल. आरतीला नऊ असले तर मी दहावा, आणि कुणीच नसलं तर मी पहिला. झांजा माळ्यावरून काढून ठेवल्यात, चिंच लावून घासायला हव्यात.